चुनखडी, ॲसिड आणि तो 2

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

काल पाठवलेला तुझ्या रसायनशास्त्राच्या पेपरचा फोटो सकाळी कारखान्याच्या लॅबमध्ये मोठा करून नीट पाहिला. 20 पैकी 7. फोनवर तू रडलीस ते मनातून जाईना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलोय.

चौथा प्रश्न घे. 10 ग्रॅम चुनखडी, 3.65 ग्रॅम हायड्रोक्लोरिक ॲसिड, कार्बन डायऑक्साइड किती निघेल? चुनखडीचं रेणुवस्तुमान तू अगदी बरोबर काढलंस: कॅल्शियमचे 40, कार्बनचे 12, ऑक्सिजनचे तीनदा 16, एकूण 100. ॲसिडचं 36.5. वजनाला रेणुवस्तुमानाने भागलं की मोल मिळतात, म्हणजे रेणू मोजायचं माप. दोन्हींचे 0.1 मोल. इथपर्यंत कुठेही चूक नाही, आणि हाच भाग पोरांना अवघड जातो. मग तू लिहिलंस की दोन्ही सारखेच, म्हणून वायूही 0.1 मोल, म्हणजे (एका मोलचे 44 ग्रॅम धरून) 4.4 ग्रॅम.

आता तुझंच समीकरण बघ: CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + H₂O + CO₂. ॲसिडच्या (HCl) आधी 2 तूच लिहिलायस, म्हणजे चुनखडीच्या एका मोलला ॲसिडचे दोन मोल लागतात. खिडकीच्या एका झडपेला दोन बिजागऱ्या लागतात. दहा झडपा आणि दहाच बिजागऱ्या असतील, तर पाचच झडपा बसतील ना? तसंच इथे 0.05 मोल चुनखडी विरघळेल, वायू 2.2 ग्रॅम निघेल आणि 5 ग्रॅम चुनखडी तळाशी तशीच राहील. कॉलेजात ज्याला लिमिटिंग रीएजंट म्हणतात, तो म्हणजे आधी संपणारा पदार्थ. मराठी माध्यमातून गेल्यावर ह्या शब्दांनीच निम्मा धीर खचतो, मला माहीत आहे. गणित मात्र तेच आहे.

रेणू एकमेकांशी जुळतात ते संख्येने, वजनाने नाही. म्हणून ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर कधी जायचं नाही. आधी मोल, मग समीकरणातले आकडे, मग परत ग्रॅम. आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिही. तू दोन ठिकाणी ते गाळलंयस.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी 0.1 नॉर्मल (नॉर्मल म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) कॉस्टिक सोड्याचं द्रावण केलं. लिटरला 4 ग्रॅम घ्यायचे, मी 40 घेतले. ते ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचेच्या नळीतून, फ्लास्कमधल्या ॲसिडच्या नमुन्यात सोडायचं; ॲसिड संपलं की सूचकामुळे फ्लास्क गुलाबी होतो. रोज 10 मिलीच्या आसपास जायचं. त्या दिवशी एका मिलीतच फ्लास्क गुलाबी झाला. नमुनाच वेगळा असेल असं समजून मी तो आकडा वहीत लिहिलाही. वरिष्ठांनी वही पाहिली आणि म्हणाले, दसपट फरक दिसला की आधी आपला दशांश तपासायचा. त्या दिवसापासून उत्तराखाली रेघ मारण्याआधी मी ते शक्य आहे का हे बघतो. तुझ्या 4.4 ग्रॅम वायूला 7.3 ग्रॅम ॲसिड लागलं असतं. तुझ्याकडे त्याच्या निम्मंच होतं.

आईने शेंगदाण्याचे लाडू एसटीने पाठवलेत, संध्याकाळी स्टँडवर जाऊन घे. रात्री पाचवा आणि सहावा प्रश्न पुन्हा सोडवून फोटो पाठव. उत्तर चुकलं तरी पाठव, पायऱ्या मला बघायच्या आहेत.

तुझे,
बाबा