ग्रीन्सबर्ग: बिल्डिंगा आल्या, माणसं निम्मीच

संपादक साहेब, स.न.वि.वि.

२००७ च्या वादळात जमीनदोस्त झालेलं आणि पुन्हा पर्यावरणपूरक पद्धतीने बांधलेलं अमेरिकेतलं ग्रीन्सबर्ग गाव, त्याच्यावर मागच्या रविवारच्या पुरवणीत अख्खं पान आलं होतं, घरच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलं म्हणून वाचलं. मी कॅन्ससमध्येच विचिटाला राहतो, तिथून हायवे ५४ धरून पश्चिमेला दोनेक तासांवर हे गाव, आतापर्यंत तीनदा जाऊन आलोय, म्हणून लिहावंसं वाटलं. छापायचं की नाही तुम्ही बघा.

आधी एक बारीक तक्रार. लेखात सगळीकडे 'चक्रीवादळ' लिहिलंय. चक्रीवादळ समुद्रावर होतं, त्याला नाव ठेवतात, चार दिवस आधीपासून टीव्हीवर त्याचा मार्ग दाखवतात. कॅन्सस कुठे आणि समुद्र कुठे! इथे मेक्सिकोच्या आखाताकडून गरम दमट हवा वर सरकते, पश्चिमेकडून कोरडी हवा येते, दोघींची गाठ या सपाट माळावर पडते, त्यातून जे ढग उठतात त्यांच्या पोटातून टोर्नेडो खाली उतरतो आणि एका गावाचं काम काही मिनिटांत आटपून पुढे जातो. टोर्नेडोच लिहा की, वाचकांना कळतं.

४ मे २००७ ला रात्री पावणेदहाच्या सुमाराला तो आला. रुंदी जवळपास पावणेतीन किलोमीटर, गावच मुळात तेवढं रुंद नाही, मग काय वाचणार, ९५ टक्के गाव गेलं. टोर्नेडोची ताकद मोजायची ईएफ ही नवी मोजपट्टी त्याच वर्षी फेब्रुवारीत लागू झाली होती आणि तिच्यावरचा पहिला पाच नंबर, म्हणजे सगळ्यात वरचा, याच टोर्नेडोच्या नावावर आहे. पण भोंगे वीसेक मिनिटं आधी वाजले, डॉज सिटीच्या हवामान ऑफिसातून इशारे जात होते, आणि इकडच्या जुन्या घरांना तळघरं असतात, लोक खाली जाऊन बसले. म्हणून दीडेक हजार वस्तीच्या गावातला मृतांचा आकडा दहा-अकराच्या आसपास थांबला. तुमच्या लेखात याला जेमतेम एक ओळ आणि सोलर पॅनेलला तीन कॉलम. मला हे उलटं वाटतं. अख्खं गाव जमीनदोस्त होऊनही एवढी माणसं सकाळी जिवंत वर आली, तेव्हाच पुढचं सगळं शक्य झालं.

आता 'ग्रीन'. गावाच्या नावातच ग्रीन आहे म्हणून पर्यावरणाचा योग जुळला असं लेखात आहे, तर हे नाव कॅननबॉल ग्रीन नावाच्या घोडागाडीवाल्यावरून पडलंय, त्याच्या प्रवासी गाड्या या भागात धावायच्या. असो. पुढचं मात्र खरं आहे आणि कौतुकाचंच आहे. मोठ्या तंबूत गावसभा भरल्या, आणि वर्ष संपायच्या आत कौन्सिलने ठराव केला की ४,००० चौरस फुटांवरची गावाच्या मालकीची प्रत्येक इमारत लीड प्लॅटिनम, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींच्या सगळ्यात वरच्या दर्जाचीच बांधायची. अमेरिकेत असा ठराव करणारं हे पहिलं गाव. रस्त्यावरचे सगळे दिवे एलईडी केले, हॉस्पिटल, शाळा, सगळं नव्याने. २०१० ला गावाबाहेर दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, १२.५ मेगावॅटच्या. 'ज्या वाऱ्याने मारलं त्याच वाऱ्याने तारलं' हे वाक्य प्रत्येकजण लिहितो, तुमच्या लेखकानेही लिहिलंय, चालायचंच, पण वाऱ्याची वीज कॅन्ससभर करतात, टोर्नेडो न आलेल्या गावांजवळही.

माझे बाबा गेल्या मे महिन्यात इथे आले होते, त्यांना घेऊन गेलो. तिथे 'बिग वेल' आहे, १८८७-८८ मध्ये हातांनी खणलेली विहीर, १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद, टोर्नेडोनंतर वरती नवं म्युझियम झालंय आणि गोल जिन्याने आत उतरता येतं. बाबा कठड्याला धरून पाच मिनिटं नुसते खाली बघत बसले, यंत्राशिवाय कसं काढलं असेल हेच चाललं होतं. तिथेच हजारेक पौंडाचा उल्कापाषाण ठेवलाय, टोर्नेडोनंतर ढिगाऱ्यात सापडला, आकाशातून पडून टिकला तो यालाही पुरून उरला. मग बाहेर पडून मेन स्ट्रीटवर चालायला लागलो, फुटपाथ चकाचक, पावसाचं पाणी मुरवायला कडेने झाडंझुडपं लावलेली, आणि बाबा एकदम म्हणाले, 'अरे पण माणसं कुठायत?'

हाच प्रश्न तुमच्या लेखात कुणी विचारला नाही. २००० च्या जनगणनेत गावात १,५७४ माणसं होती. २०१० ला ७७७. २०२० ला ७४०. म्हणजे नव्या इमारती, नवे दिवे, नवी शाळा, आणि माणसं निम्म्याहून कमी, त्यावर तुमचं हेडिंग 'अख्खं गाव पुन्हा उभं राहिलं'. कुठलं अख्खं?

न परतलेल्यांना नावं ठेवत नाहीये हां मी. गावात म्हातारी माणसं बरीच होती, घरं जुनी, लहान, कर्ज कधीच फिटलेलं. अशा घराच्या विम्यातून जुन्या घराची किंमत हातात येते आणि नवं घर बांधायला त्याच्या कितीतरी पट लागतात, सत्तरीत कोण नवं कर्ज काढणार आणि कोण देणार? लोक फेमाच्या, म्हणजे सरकारच्या आपत्ती-मदत खात्याच्या ट्रेलरमध्ये राहिले, त्या वस्तीला फेमाव्हिल म्हणायचे, आणि त्यातल्या कित्येकांना तोवर दुसऱ्या गावात मुलाकडे-मुलीकडे किंवा नव्या नोकरीवर सवय होऊन गेली. भाड्याने राहणाऱ्यांचं तर विचारूच नका, पडलेलं स्वस्त घर परत स्वस्तात कुणी बांधत नाही.

आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता कुरकुरतोय. या प्रेअरीतली, म्हणजे गवताळ माळावरची असली गावं तशीही रिकामी होत चाललीत, ट्रॅक्टर मोठे झाले, शेतं मोठी झाली, माणसं कमी लागायला लागली. वादळाआधीही ग्रीन्सबर्ग आटतच होतं. कदाचित एवढं सगळं केलं नसतं तर आज तिथे हायवेवर एक पेट्रोल पंप आणि धान्य साठवायचं ते काँक्रीटचं एलेव्हेटर एवढंच दिसलं असतं, ते त्या रात्रीही पडलं नव्हतं. हॉस्पिटल टिकलं, शाळा टिकली, शेजारच्या मलिनव्हिलची पोरंही इथेच येतात, ७४० माणसांच्या गावात हे सोपं नाही. मला ते यशच वाटतं. फक्त त्याला 'जसं होतं तसं झालं' म्हणू नका, कारण तिथे राहणाऱ्यालाही तसं वाटत नसणार.

तुमच्या पानावर पाच फोटो होते, पवनचक्क्या, शाळा, आर्ट सेंटर वगैरे. बाबांनी त्या दिवशी मोबाईलवर एकच फोटो काढला. रस्त्यापासून आत जाणारा सिमेंटचा ड्राइव्हवे, दोन पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या वर काहीच नाही, सरळ गवत. कुणीतरी ते गवत नीट कापलेलं होतं. पुढच्या वेळी या विषयावर काही छापणार असाल तर सांगा, फोटो पाठवून देतो.

आपला एक वाचक,
विचिटा, कॅन्सस