स्वित्झर्लंडचे तीन हिशेब

बाझल, रविवार

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "तिकडे येऊन फिरायला दोघांचे मिळून कमीत कमी किती लागतील, तेवढा एकच आकडा सांग" असे म्हणालात आणि मला तो सांगता आला नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. इथे चार वर्षे काढल्यावर मला एवढे कळले आहे की हा देश महाग खरा, पण सगळ्याच बाबतींत सारखा महाग नाही. नळाचे पाणी उत्तम असते, चौकातल्या कारंज्यांतूनही बाटली भरून घेता येते आणि सरोवराच्या काठाने दिवसभर हिंडायला कोणी पैसे मागत नाही. मात्र उपाहारगृहात बसून साधे गरम जेवण मागवले की माणशी पंचवीस-तीस फ्रँक उडतात. तेव्हा एक आकडा न देता तीन हिशेब पाठवते. फ्रँक मी ११५ रुपयांचा धरला आहे, आणि विमानाचे दोघांचे जाऊन-येऊन दीड लाख तिन्ही हिशेबांत आहेत.

पहिला हिशेब सुमारे अडीच लाखांचा. त्यात तुम्ही सगळे दिवस माझ्याकडेच राहायचे, सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन निघायचे आणि रात्री घरी परतायचे. बाझलहून ल्युसर्न रेल्वेने तासाभरावर आहे, इंटरलाकेन दोन तासांवर. परदेशी प्रवाशांना इथे महिनाभराचे निम्म्या भाड्याचे कार्ड मिळते. ते असले आणि तारीख आधी ठरवून घेतली, तर देशभर दिवसभर फिरण्याचा पास सुमारे तीस फ्रँकपासून मिळतो. तारीख जवळ येईल तसा तो महाग होत जातो, म्हणून तो वेळेत काढणे माझ्याकडे लागले. हा हिशेब कागदावर फार देखणा दिसतो. पण इंटरलाकेनला जाऊन-येऊन चार तास गाडीत, त्यावर तिथले चालणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, हे आईच्या गुडघ्याला चार दिवससुद्धा झेपणार नाही.

तिसरा हिशेब आधी सांगून टाकते, कारण तो तुम्ही मान्य करणार नाही हे मला ठाऊक आहे. आठ दिवसांचा सगळ्या गाड्या-बोटींचा पास माणशी चारशे फ्रँकच्या वर, आठ रात्री हॉटेलात, दोन्ही वेळचे जेवण बाहेर, उंच बर्फाच्या खिंडीत नेणारी युंगफ्राउयोखची गाडी आणि त्सेरमाट ते सेंट मोरित्स जाणारी ग्लेशियर एक्सप्रेस, असे धरले की आकडा सात लाखांपर्यंत जातो. ग्लेशियर एक्सप्रेस सुंदर आहे, पण तिला त्या वाटेवर आठ तास लागतात आणि आरक्षणाचे पैसे तिकिटाशिवाय निराळे मोजावे लागतात. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात. त्यांना आरक्षण लागत नाही आणि शिवाय खिडकी उघडता आली तर बाबांना बाहेर डोकावता येते.

माझे मत दुसऱ्या हिशेबाकडे झुकते. तो दोघांचा चार लाखांच्या आसपास जातो. पहिले आणि शेवटचे दिवस माझ्याकडे, आणि मधल्या पाच रात्री इंटरलाकेनजवळच्या लाउटरब्रुनेनच्या दरीत स्वयंपाकघर असलेले छोटे भाड्याचे घर, तेही स्टेशनपासून पाच मिनिटांत. स्टेशनजवळच्या घराला रात्रीचे वीस-तीस फ्रँक जास्त पडतात. हे पैसे मी आनंदाने घालणार आहे, कारण चढावरच्या स्वस्त घरापर्यंत बॅग ओढत नेताना जे होते ते मी माझ्या मैत्रिणीच्या आईच्या बाबतीत पाहिले आहे. घरातून बाहेर पडले की समोर श्टाउबबाखचा धबधबा जवळजवळ तीनशे मीटर उंचीवरून पडत असतो. वारा असला की खाली पोहोचेपर्यंत त्याचे पाणी राहत नाही, नुसता भुगा होतो. तो पाहायला आईला पायरीसुद्धा चढावी लागणार नाही. वेंगन गाव वर डोंगरात आहे, तिथे मोटारी जात नाहीत, पण दरीतून रेल्वे थेट जाते. वर बाकावर बसून डबा खायचा आणि दुपारच्या गाडीने उतरायचे.

युंगफ्राउयोखबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण शेजारच्या काकांनी आणलेल्या सहलीच्या पत्रकावर त्याचेच चित्र आहे. १९१२ पासून ही गाडी आयगर डोंगराच्या पोटातून बोगद्याने वर जाते आणि ३४५४ मीटर उंचीवर नेऊन सोडते. इंटरलाकेनहून पूर्ण भाडे दोनशे फ्रँकच्या वर आहे. गंमत अशी की तिसऱ्या हिशेबातल्या महागड्या पासावर वरच्या टप्प्याला पाव सवलत मिळते आणि निम्म्या भाड्याच्या कार्डावर निम्मी. मी इथे आले त्या पहिल्याच वर्षी उत्साहात आदल्या दिवशी पूर्ण भाड्याचे तिकीट काढून ठेवले होते. वर पोहोचले तेव्हा काचेबाहेर पिंजलेला कापूस दाबून भरल्यासारखे धुके होते. दोन तास थांबून मी एक कॉफी प्याले आणि हिमनदीचे दर्शन भिंतीवरच्या फोटोत घेऊन खाली आले. म्हणून आता माझा नियम असा की सकाळी उठून शिखरावरच्या कॅमेऱ्याचे चित्र पाहायचे आणि आकाश मोकळे असेल तरच तिकीट काढायचे. तुमच्या रक्तदाबासाठी एवढी उंची चालेल की नाही, हे तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका.

कारण रिगीचा डोंगर आहे. ल्युसर्नहून वाफेवर चालणारी चाकांची जुनी बोट तासाभरात फित्सनाऊला पोहोचवते आणि तिथून दातेरी रुळांची गाडी वर चढते. ती १८७१ साली सुरू झाली आणि युरोपातली अशी पहिली डोंगरगाडी तीच. शिखर १७९८ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडेच उंच, त्यामुळे श्वासाची भीती नाही. गाडीखाली दाते एकमेकांत अडकल्याचा खट्-खट् आवाज येत राहतो आणि मध्येच कुरणातल्या गाईंच्या घंटा ऐकू येतात. आईला महाबळेश्वरच्या पॉइंटांवर जसे नुसते बसून राहायला आवडते, तसे इथे पोटभर बसता येईल.

सप्टेंबरचा शेवट मला योग्य वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वादळी पाऊस येतो, गर्दीही फार असते. आपल्याकडचे गणपती उठले, आजोबांच्या तिथीचे श्राद्ध झाले, की दुसऱ्या दिवशी निघा. पितृपक्षात प्रवास नको असे कोणी म्हणालेच, तर तिकीट स्वस्त पडले म्हणून सांगा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. माझे निमंत्रणपत्र मी पाठवते. बँकेचे उतारे आणि पेन्शनचे कागद मात्र तुम्ही जमवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, तेव्हा आजच कपाटातून काढून तारखा पाहा. शुल्क माणशी ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा सक्तीचा आहे. बाबा, बाकी कशातही काटकसर करा, पण विम्यात नको. सगळ्यात स्वस्त विमा बहुधा आधीपासूनच्या आजारांना हात लावत नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत हे अर्जात लपवू नका.

आता पैशांचे. मुदत ठेव मोडायची नाही. दीड लाखाची विमानाची तिकिटे मी काढते. हे उपकार नव्हेत, माझ्या शिक्षणाच्या वेळी तुम्ही काय मोडले होते ते मला आईने सांगितले आहे. घरभाडे आणि फिरण्याचे पैसे तुम्ही द्या, म्हणजे तुम्हालाही पाहुण्यासारखे वाटणार नाही. विमानतळावर चाकांच्या खुर्चीची सोय तिकिटाबरोबरच मागून ठेवते. तिचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे आईने "मी काय आजारी आहे का" असे म्हणू नये.

आई, साताऱ्याचे कंदी पेढे आणू नकोस. भारतातून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ इथे आणता येत नाहीत आणि विमानतळावर ते काढून घेतात, म्हणजे डब्यासकट जीव हळहळेल. थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला खुशाल आण. तूपही नको, लोणी इथे चांगले मिळते, मी कढवून ठेवीन.

पासपोर्टच्या तारखा आणि डॉक्टरांचे उत्तर पुढच्या रविवारपर्यंत कळवा. लाउटरब्रुनेनचे एक घर मी पाहून ठेवले आहे, तळमजल्यावरचे. घरमालक दहा दिवस थांबायला तयार आहेत.

तुमची,
मनू