वल्हं आधी हातात बसू द्या, मग टाइम काढा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

२०२३ ला गोव्यात नॅशनल गेम्स झाल्या, त्यानंतर आमच्यासारख्या पालकांना रोइंग (बोट वल्हवायची शर्यत) वगैरे खेळ जरा कळायला लागले. माझी मुलगी मांडवी नदीत रोइंग शिकते. कुठे ते लिहीत नाही, कारण हीच रड बाकीचे पालकही सांगतात. पोर आलं की एर्गवर, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग मशीनवर बसवायचं, दोन हजार मीटरचा टाइम काढायचा, बरा आला की थेट बोटीत. आता एर्गला एक दांडा आणि साखळी, ती ओढली की झालं, वल्ह्याचं पातं फिरवायचं नाही की किती खोल गेलं ते बघायचं नाही, मग मशीनवरचा हिरो बोटीत बसला की कलंडणारच ना?

स्कलिंगला प्रत्येक हातात एक वल्हं. दांडा मुठीत आवळायचा नाही, बोटांत अडकवायचा, मनगट सरळ, अंगठा टोकावर आणि हलकासा दाब बाहेरच्या बाजूला, म्हणजे वल्ह्याची कॉलर (त्यावरचं कडं) गेटला, म्हणजे बोटीवर वल्हं अडकवायच्या खोबणीला टेकून राहते. दांडे मधे एकमेकांवरून जातात तिथे डावा हात वर, हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर बोटांची सालटी निघतात. पातं पाण्यात झाकलं जाईल एवढंच घालायचं.

सगळ्यात जास्त घोळ स्ट्रोकच्या, म्हणजे वल्ह्याच्या एका ओढीच्या शेवटी होतो. तिथे आधी हात खाली दाबून पातं उभंच पाण्याबाहेर काढायचं आणि मगच बोटांनी फिरवून आडवं करायचं. पोरं घाईत आधी फिरवतात, पातं पाण्यातच आडवं होऊन अडकतं, बोट पुढे जात असते आणि दांडा उलटा पोटात बसतो. ह्याला क्रॅब म्हणतात. मागे एका मुलीला बरगडीवर असाच दणका बसला तर वरून सल्ला काय, तर "अजून जोर लाव"! अहो, जोराचा इथे संबंध काय?

काही जण म्हणतात होडी गोंयकाराच्या रक्तातच आहे. असेल, पण इथे बोट जाते तिकडे पाठ करून बसायचं, सीट खाली सरकत असते, त्यात मांडवी म्हणजे काय तळं नाही. चोडणची फेरीबोट नाहीतर कॅसिनोची लाँच गेली की लाटा येतात, तेव्हा पुढचा स्ट्रोक घ्यायला सरकताना दांडे जरा खाली दाबून पाती वर ठेवता आली पाहिजेत, नाहीतर एक पातं लाटेला लागलं की गेलं सगळं.

आणि घाई कसली आहे? नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आर्मीत गेल्यावर वल्हं धरायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला. आपली पोरं बारा-तेरा वर्षांची आहेत!

क्रीडा खात्याला विनंती एवढीच, पावसानंतर नवीन बॅच सुरू होतील त्याआधी प्रत्येक ठिकाणी जेटीला बांधलेली एक रुंद बोट द्या. त्यात आधी नुसत्या हातांनी, मग कंबरेतून वाकून, मग अर्धी सीट सरकवून आणि शेवटी पूर्ण, असं क्रमाने शिकवा, सुरुवातीला पातं उभंच ठेवून. पोहता येतं का ते आधी बघा आणि पोरं पाण्यात असताना बाजूला सेफ्टी बोट पाहिजेच. एर्गचा टाइम मग घ्या की, कोण नको म्हणतंय.

आपली,
एक पालक, रायबंदर