मळणी यंत्रापुढे पस्तीस टक्क्यांचा पास नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, सुरू झाली, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात आमच्या भागात तरुण पोरांसाठी शेतातील सुरक्षिततेचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. शेवटी ४० मार्कांचा पेपर, १४ ला पास. म्हणजे दहावीचाच ३५ टक्क्यांचा हिशेब.

माझा पुतण्या १६ मार्क घेऊन पास झाला. त्याचा पेपर मी पाहिला. ‘मळणी यंत्रात काड अडकले तर आधी काय कराल?’ याला त्याने ‘हाताने ओढून काढू’ यावर खूण केली होती. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मळणी यंत्र फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. बाही गुंतली तर ‘बंद कर’ म्हणायलाही सवड मिळत नाही. तरी प्रमाणपत्र हातात!

शेजारचा पोरगा मात्र १२ वर अडकला. सातवीत शाळा सुटली, पण चार हंगाम मशीनवर काढलेले. बाह्या वर केल्याशिवाय, गळ्यातला रुमाल काढून ठेवल्याशिवाय तो मशीनजवळ जात नाही. त्याला ‘वैयक्तिक संरक्षक साधने’ हे शब्द अडले. हातमोजे, गॉगल, तोंडाला फडके असे विचारले असते तर घडाघडा सांगितले असते.

नुसती ३५ ची ८० टक्के केली तर हा पोरगा आणखी मागे पडेल. पासाची रेघ पेपर बघून ठरवावी. परीक्षा घेणाऱ्यांत १९७१ पासून अँगॉफ यांच्या नावाची एक रीत आहे. जाणकारांनी एकत्र बसायचे. जेमतेम सुरक्षित काम करू शकणाऱ्या शंभर पोरांपैकी किती जणांना उत्तर येईल, ते प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचे. त्या आकड्यांच्या सरासरीवरून रेघ ठरते. पेपर अवघड असेल तर ती खाली येते, सोपा असेल तर वर जाते. या बैठकीत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ हवेत, आणि वर्षानुवर्षे राशी करणारे मशीनवालेही हवेत.

काही प्रश्नांना मात्र माफी नको. अडकलेले मशीन आधी बंद करणे, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा अतिविषारी असल्याचा लाल त्रिकोण ओळखणे, हे चुकले तर बाकीचे मार्क कितीही असोत, पोराला पुन्हा शिकवावे. तेही कागदावर नको, उभ्या मशीनपाशी करून दाखवायला लावावे.

पुतण्या प्रमाणपत्र दाखवून माझ्याशी भांडतो. यंदा मी त्याला पोती शिवायला बसवले आहे.

आपला,
एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर