शोधपत्रकात उंची ‘पासून–पर्यंत’ द्या

महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार गेल्या वर्षी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन माझ्या घरी आला. नदीकाठी सापडलेल्या सांगाड्याची ओळख पटावी म्हणून पोलिसांनी काढलेले शोधपत्रक होते ते. पुरुष, वय साठीच्या पुढे, उंची अंदाजे ५ फूट ६ इंच. त्याचे वडील आषाढीला पंढरपूरला गेले ते परतलेच नव्हते. “पण सर, आप्पा माझ्याएवढेच, पाच-चार. मेल्यावर माणूस दोन इंच वाढतो का?” या दोन इंचांपायी कात्रण चार महिने कपाटात पडून होते.

मी तीस वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले. सांगाड्याची उंची बहुधा मांडीच्या हाडावरून काढतात. हाड मोजफळीवर ठेवून लांबी घ्यायची आणि सूत्रात घालायची. अमेरिकी संशोधक ट्रॉटर आणि ग्लेसर यांचे १९५२ चे सूत्र घ्या: लांबीला २.३८ ने गुणून ६१.४१ मिळवायचे. हाड ४४ सें.मी. असेल तर उंची १६६ सें.मी., म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास. शोधपत्रकात हा एवढाच आकडा उतरतो. त्याच सूत्राशेजारी ‘कमी-अधिक ३.२७’ अशी अंदाजातली चूक सें.मी.मध्ये लिहिलेली असते, ती मात्र वाटेत गळते. शंभरातील पंचाण्णव माणसे सामावून घ्यायची तर ती चूक दुप्पट धरावी लागते. मग उत्तर येते सुमारे १६० ते १७३ सें.मी., ५ फूट ३ पासून ५ फूट ८ इंचांपर्यंत. पाच-चारचे आप्पा त्यात सहज बसतात.

शिवाय हे सूत्र अमेरिकी गोऱ्या पुरुषांच्या हाडांवरून बांधलेले. तेच हाड इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनच्या १८९९ च्या सूत्रात घातले तर १६४ येते. भारतीयांच्या हाडांवर १९२४ पासून काम झालेले आहे, तेव्हा कोणते सूत्र वापरले हेही कळायला हवे. त्यात वयाची घट वेगळीच: तिशीनंतर वर्षाला ०.०६ सें.मी. धरली, तर सत्तरीच्या माणसाची उंची जवळजवळ इंचभर उतरलेली असते.

मी त्याला त्याच दिवशी पोलीस ठाण्यात पाठवले. डाव्या हाताचे जुने, मोडून जुळलेले हाड त्याने सांगितले तसेच निघाले. पुढे डीएनएही जुळला. तोवर आप्पा बेवारस म्हणून एका पेटीत पडून होते, हे माझ्या मनातून जात नाही.

पोलिसांना आणि डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे, की उंचीची दोन्ही टोके लिहा, कोणत्या हाडावरून काढली तेही लिहा. जुन्या मोडलेल्या हाडाची खूण असेल तर ती उंचीच्याही आधी येऊ द्या, कारण घरच्यांना ती पक्की आठवते. आधार कार्डावर उंची नसते. बापाची उंची मुलगा स्वतःच्या खांद्यावरून सांगतो.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे एकच आकडा लिहिलेले शोधपत्रक आले, तर छापण्यापूर्वी ठाण्यात एक फोन करून दुसरा आकडा मागून घ्यावा.

आपला,
शरीररचनाशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सोलापूर