रस्त्याची डावी कड सायकलस्वारांसाठी नीट करावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वयाच्या ५१व्या वर्षी मी मुलुंडहून विक्रोळीतील कार्यालयात सायकलने जाऊ लागलो, त्याला आता चौदा महिने झाले. या काळात जे अनुभवले त्यातले काही माझ्या वयाच्या वाचकांना उपयोगी पडेल आणि काही रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणांपर्यंत पोहोचावे, या दोन हेतूंनी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात रक्ततपासणीपासून झाली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला. ६.५ पासून मधुमेह धरतात, असे डॉक्टरांनी सांगितले आणि रोज चालण्याचा सल्ला दिला. चालणे मी यापूर्वी चार वेळा सुरू करून चार वेळा सोडले होते, कारण त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागे आणि तो वेळ घरातील कोणत्याही छोट्या कामाने खाल्ला जाई. कार्यालयात मात्र जावेच लागते. तेव्हा त्या जाण्यातच व्यायाम बसवावा, असा साधा विचार करून मी सात गिअरची सायकल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीची शिफारस केली आहे. घर ते कार्यालय हे सुमारे नऊ किलोमीटरचे अंतर मला एका वेळी ३५ ते ४० मिनिटे घेते, म्हणजे आठवड्यातून चार दिवस गेलो तरी ती शिफारस पुरी होते. रिक्षा, लोकल आणि पुन्हा शेअर रिक्षा या जुन्या क्रमाला दारापासून दारापर्यंत पन्नास मिनिटे लागत, त्यामुळे वेळही वाचलाच. गेल्या तपासणीत साखरेचा आकडा ५.८ आला. रात्रीचे जेवण लवकर घेण्याचाही त्यात वाटा आहे, त्यामुळे सगळे श्रेय मी सायकलला देणार नाही.

पहिल्या महिन्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीपुढे दुखू लागले आणि आता हे वय सायकलचे नाही, असे घरचे म्हणू लागले. आमच्या भागातील सायकल दुरुस्तीच्या दुकानातील वृद्ध कारागिरांनी मला सीटवर बसवले, भिंतीला हात लावायला सांगितले आणि म्हणाले, ‘‘टाच पायडलवर ठेवा आणि पायडल पार खाली न्या. पाय सरळ होतो का बघा. होत नसेल तर सीट खाली आहे.’’ पाय बराच वाकलेला राहत होता. त्यांनी सीट तीन बोटे वर घेतली आणि पंधरा दिवसांत दुखणे थांबले. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण लहानपणापासून सीट खाली ठेवतो आणि तरुणपणी ते खपून जाते, पण पन्नाशीत त्याचा भार गुडघ्यावर येतो. ज्यांनी गुडघ्याच्या भीतीने सायकल सोडली असेल त्यांनी आधी सीटची उंची तपासावी, असे मी आवर्जून सांगेन. घामाचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. सव्वासातला निघावे, शर्ट पिशवीत ठेवावा आणि पोहोचल्यावर ओल्या पंचाने अंग पुसून तो घालावा, एवढ्याने भागते.

खरी अडचण रस्त्याच्या कडेची आहे. लाल बहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुन्या माणसांचा आग्रा रोड, चढउताराच्या दृष्टीने सायकलला अगदी सोयीचा आहे. परंतु सायकलस्वाराने डाव्या कडेने चालावे अशी अपेक्षा असते आणि नेमकी ती कडच सर्वांत वाईट अवस्थेत असते. डांबर आणि गटाराची कड यांच्यातला खाचा, सुटलेले पेव्हर ब्लॉक, उभ्या केलेल्या टेम्पोंचे अचानक उघडणारे दरवाजे हे सगळे तिथेच आहे. आणि सर्वांत घातक म्हणजे पावसाचे पाणी आत घेणाऱ्या लोखंडी जाळ्या. यांतील पुष्कळ जाळ्यांचे गज रस्त्याच्या दिशेला समांतर बसवलेले आहेत. भांडुपजवळची एक जाळी मी नंतर मुद्दाम थांबून पाहिली. गजांमधली फट तीन बोटांची आणि माझ्या सायकलचा टायर जेमतेम दोन बोटांचा. मोटारीला किंवा रिक्षाला या फटीचा पत्ताही लागत नाही, मात्र सायकलचे पुढचे चाक तिच्यात सरळ उतरते.

दुसऱ्याच आठवड्यात, पहाटेची भुरभुर चालू असताना, माझे चाक असेच उतरले आणि मी हँडलवरून उजव्या हातावर पडलो. मागच्या रिक्षाने वेळेवर ब्रेक मारला म्हणून तळहात सोलण्यावर निभावले. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या एका मुलाने स्वतःची सायकल स्टँडला लावून मला उठवले. तो म्हणाला, ‘‘काका, कडेला चिकटून चालवू नका, दोन हात आत चालवा. उभ्या गजांच्या जाळ्या लय आहेत इथे.’’ त्याला त्या सगळ्या पाठ होत्या. पुढच्या रविवारी मी माझ्या वाटेवर तशा नऊ जाळ्या मोजल्या.

त्या मुलामुळे माझ्या लक्षात आले की या शहरात सायकल कधी बंद पडलीच नव्हती. पाव, दूध, भाजी, इस्त्रीचे कपडे आजही सायकलवरून दारी येतात, स्टेशनपासून पुढचा डबेवाल्यांचा प्रवास सायकलवर होतो आणि हे पत्र छापून येईल तो अंकही कित्येक घरांत सायकलवरूनच पोहोचेल. आपण मात्र सायकलचा विचार करतो तो फिरण्याची, हौसेची वस्तू म्हणून. २०१७च्या अखेरीस एनसीपीए ते वरळी असा सायकल मार्ग सुरू झाला, तो रविवार सकाळपुरता होता. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११च्या सुमारास केलेला सायकल ट्रॅक गाड्या उभ्या करण्याच्या कामी आला. अशा उपक्रमांना माझा विरोध नाही, मुले त्या निमित्ताने सायकल शिकतात हे चांगलेच आहे. पण सोमवारी सकाळी साडेसातला कामावर निघालेल्या माणसाला त्यांचा काही उपयोग होत नाही.

सागरी सेतू, पूर्व मुक्तमार्ग आणि किनारी रस्ता या तिन्हींवर सायकलला बंदी आहे. तिथला वेग पाहता त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र वेगवान वाहनांसाठी एवढा खर्च करून वेगळे मार्ग बांधले जात असतील, तर संथ वाहनांच्या वाट्याला उरलेले जुने रस्ते तरी त्यांना चालण्याजोगे ठेवले पाहिजेत, हे न्याय्य मागणे आहे.

दुसरी अडचण सायकल ठेवण्याची. आमच्या कार्यालयाच्या आवारात पहिल्या दिवशी सुरक्षारक्षकाने मला अडवले, कारण नोंदवहीत वाहन क्रमांकाचा रकाना होता आणि सायकलला क्रमांक नसतो. तो नियमाने वागत होता. अर्ज, स्मरणपत्र आणि दोन भेटी यांनंतर जनरेटरच्या खोलीमागे भिंतीला एक लोखंडी पाइप बसवून मिळाला. आता तिथे चार सायकली कुलूप लावून उभ्या असतात, त्यांतली एक आमच्या हिशेब विभागातील बाईंची आहे आणि त्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. रेल्वे स्थानकांबाहेरच्या वाहनतळांत एवढी जागा राखली, तर स्टेशनपर्यंत सायकलने येणारे पुष्कळ निघतील.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सुरक्षिततेचे दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. बस किंवा डंपर डावीकडे वळत असताना त्याच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नये, चालकाला आपण दिसत नाही. गांधीनगरच्या चौकात मी दरवेळी मागे थांबतो. आणि रस्त्यावर पाणी साचले असेल त्या दिवशी सायकल घरीच ठेवावी, कारण पाण्याखाली काय आहे ते कळत नाही. २९ ऑगस्ट २०१७च्या पुरात या शहराने उघड्या मॅनहोलमध्ये एक नामवंत डॉक्टर गमावला, हे आपण विसरू नये.

माझे मागणे स्वतंत्र ट्रॅकचे नाही. ज्या जाळ्या चौरस आहेत त्या काटकोनात फिरवाव्यात आणि ज्या फिरवता येत नाहीत त्यांवर दोन-तीन आडव्या पट्ट्या वेल्ड कराव्यात. मेट्रो ४च्या कामाचे पत्रे या मार्गावरून निघतील आणि रस्ता नव्याने केला जाईल, तेव्हा डांबर गटाराच्या कडेपर्यंत समपातळीत आणावे. पावसाळ्यापूर्वीच्या सफाईसाठी जाळ्या तशाही उचलल्या जातात. त्या परत बसवताना गज आडवे येतील एवढे पाहिले, तर या जूनपासूनच फरक पडेल.

आपला नम्र,
एक वाचक, मुलुंड (पश्चिम)