‘जळून नष्ट’ म्हणजे गेलं कुठं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रॉकेट-उपग्रहांचे तुकडे ‘हवेतच जळून नष्ट होतात’, असं परवा आपल्या विज्ञानाच्या पानावर वाचलं. मी सिंदेवाही तालुक्यातला; ‘नष्ट’ या शब्दाशी थबकलो.

2 एप्रिल 2022, पाडव्याची संध्याकाळ. गुढी उतरवून अंगणात खाटेवर टेकलो होतो. आभाळात पेटते पट्टे सावकाश सरकत गेले. शेजारची आजी म्हणाली, ‘‘इमान पेटलं का जी?’’ त्याच रात्री लाडबोरीत धातूचं कडं पडलं, बंडीची दोन चाकं शेजारी-शेजारी मावतील एवढं! चीनच्या रॉकेटचा टप्पा असावा, असं जाणकार म्हणाले. खाली पडलं ते पोलीस ठाण्यात जमा झालं. वर जे वितळलं, त्याचा पंचनामा कोण करणार?

तो लिडार करतो, म्हणजे लेसरचं रडार. लेसरचा झोत तुटक-तुटक वर सोडायचा आणि परत येणारा अंधूक उजेड दुर्बिणीनं टिपायचा. किती वेळानं परतला, त्यावरून उंची कळते. 90 किलोमीटरवर जाऊन यायला उजेडाला एक सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. हवामानाचे फुगे 30-35 किलोमीटरवर फुटतात, उपग्रह फार वरून फिरतात. मधल्या पट्ट्यात रॉकेट धाडावं, तर ते काही मिनिटांत पार होतं. लिडार मात्र रात्रभर एकाच जागी टक लावून बसतो.

त्या 90 किलोमीटरच्या आसपास उल्कांच्या धुळीतून आलेल्या सोडियमचा पातळ थर कायमचा आहे. लेसर 589 नॅनोमीटरवर जुळवला की ते अणू चमकतात. एलईडी येण्याआधी बसस्टँडवर जे पिवळे दिवे असायचे, तोच रंग.

फेब्रुवारी 2025 मध्ये एका रॉकेटचा वरचा टप्पा युरोपवर जळाला. साधारण वीस तासांनी जर्मनीतल्या क्यूलुंग्सबोर्नच्या, लिथियमवर जुळवलेल्या लिडारला सुमारे 96 किलोमीटरवर नेहमीच्या दहापट लिथियम (रॉकेटच्या सांगाड्यात वापरतात तो हलका धातू) दिसलं. नष्ट कसलं, नुसतं पांगलं होतं! त्याचा पुढं काय परिणाम होतो, हे अजून शोधलं जातंय. म्हणून मी घाबरवत नाही.

आपल्याकडे तिरुपतीजवळ गडंकीच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळेत 1998 पासून लिडार आहे. असं एक यंत्र विदर्भातही हवं. ढग आले की लिडार आंधळा, हे खरं. म्हणजे पावसाळ्यात त्याला सुट्टी. पण दिवाळीनंतर आमच्या गावाबाहेर आभाळ एवढं मोकळं असतं, की चांदण्या मोजता-मोजता पोरं झोपी जातात. विद्यापीठांनी मनावर घ्यावं, आमदार-खासदारांनी सभामंडपांतून थोडा निधी इकडे वळवावा.

आणि आपण यावर नीट एक लेख छापावा. बातमीदार पाठवलात तर कडं पडलेली जागा मी दाखवतो.

आपला,
एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर